भाषाशास्त्र घेऊ का, तेही कर्ज काढून?

प्रश्न : ताई, मी यंदा कला शाखेतून बारावी पास झाले. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई बिड्या वळते. पुण्याजवळच्या एका छोट्या खासगी कॉलेजात बी.ए.ला भाषाशास्त्र आणि तौलनिक साहित्य एकत्र शिकवतात. वर्गात मोजकीच मुलं घेतात म्हणे. फी आमच्या मानाने फार आहे, कर्ज काढावं लागेल. वडील म्हणतात, "चार भाषा तर तुला येतातच की, आणि काय शिकणार?" काय करू?
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक

उत्तर : वडिलांना आधी हे सांग, की तिथे भाषा शिकवत नाहीत, भाषा चालते कशी ते शिकवतात. आईशी बोलताना तू 'मनम्' आणि 'मेमु' यांत कधी गल्लत करत नाहीस. समोरच्याला धरून 'मनम्', त्याला वगळून 'मेमु'. मराठीत तेच काम 'आपण' आणि 'आम्ही' करतात. हिंदीचं मात्र एकट्या 'हम'वर भागतं. हिंदी ही मराठीच्या कुळातली, तेलुगू दुसऱ्या कुळातली, तरी इथे मराठी तेलुगूच्या पंगतीला बसते. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे हे झालं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण मी बाळीवेशीतली, माझ्या घरी कन्नड. तीही द्राविडीच, आणि आमच्याकडे आज दोन्हीला एकच 'नावु'! मग मराठीने हे उचललं कुणाकडून आणि कधी? हा प्रश्न तुला रात्री पुन्हा आठवला, तर विषय तुझा आहे. नाही आठवला, तर फीचा विचारही करू नकोस.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली एक निबंध छापला. जगभरचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी तो वाचतात. त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू इतकी वर्षं शेजारी नांदली, की शब्द वेगळे राहिले आणि वाक्यांची ठेवण जवळजवळ एक झाली. तुझ्या गल्लीत असं काय काय सापडेल, याची मला तर फार उत्सुकता आहे. पुण्यात कुणी तुझ्या सोलापुरी मराठीला हसलं, तर हसू दे. तिचेही नियम आहेत, आणि ते कुणीतरी नीट लिहून काढायलाच हवेत.

तौलनिक साहित्याचंही तसंच. आपल्या सिद्धरामेश्वरांची वचनं बाराव्या शतकातली, कन्नडमधली. इकडे पंढरपूरचे अभंग मराठीत. दोन्ही लोकांच्या बोलीत, दोन्ही देवाशी थेट बोलणारे. पण वचनाला छंदाचं बंधन नाही, अभंगाला आहे. शिवाय अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो, तर सिद्धराम 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' असं देवाचं नाव घालतात. हा फरक का, यावर एक आख्खं सत्र जाऊ शकतं. भारतात या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग १९५६ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात निघाला. आपल्याकडे तो पदवीला सहसा मिळत नाही, म्हणून तुला त्या कॉलेजची भुरळ पडली असणार.

कॉलेज छोटं आहे म्हणून मी नाक मुरडणार नाही. ध्वनिशास्त्रात प्रत्येकाचा 'ट' आणि 'त' मास्तरांनी कान देऊन ऐकावा लागतो, ऐंशीच्या वर्गात ते होत नाही. मला शंका आहे ती वेगळीच. भाषाशास्त्र शिकवायला पूर्णवेळ, त्याच विषयात एम.ए. झालेलं माणूस आहे का? की इंग्रजीच्याच सरांच्या गळ्यात दोन्ही विषय घातलेत? माहितीपत्रकावर जाऊ नकोस, त्यात सगळेच तज्ज्ञ असतात. एक दिवस वर्गात बसू द्या म्हणावं. नाही म्हणाले, तर तिथूनच परत फिर. पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार ते लेखी घे, आणि महाडीबीटीच्या यादीत हे कॉलेज आणि हा कोर्स आहे का तेही बघ. नसेल, तर शिष्यवृत्तीचं आश्वासन हवेतलं समज.

नोकरीचं थोडक्यात सांगते. नेट परीक्षेला दोन्ही स्वतंत्र विषय आहेत, पण प्राध्यापकाच्या जागा तुरळक. भाषाशास्त्र शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळे बी.एड.ला मेथड, म्हणजे शाळेत शिकवायचा विषय, निवडताना अडचण येऊ शकते. वाचा-उपचाराचा कोर्स वेगळा, त्याला बारावी विज्ञान लागतं. भाषांतर, कोशाचं काम आणि संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचं काम यांत मात्र तुझ्या चार भाषांना भाव आहे.

माझं मत विचारशील, तर पदवीसाठी कर्ज काढू नकोस. सोलापुरातच मराठी किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. कर. पुढे येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचं एम.ए. करता येतं, त्याला पदवी अमुकच विषयातली हवी असं नाही. तोवर तेलुगू लिपी येत नसेल तर शिकून घे. बोलता येतं आणि वाचता येत नाही, अशी पूर्व भागातली कितीतरी मुलं मला माहीत आहेत. कर्ज न काढता जमत असेल आणि वर्गात बसून मन भरलं, तर खुशाल जा. बघायला जाताना सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने वडिलांनाही ने. फी आणि वसतिगृहाचं त्यांना विचारू दे, शिकवण्याचं तू विचार.