शिक्षक व्हायचं नाही, तरी शिक्षणशास्त्रात एम.ए. करावं का?

शिक्षणशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी. झाले आहे आणि महाप्याच्या एका कंपनीत शाळकरी मुलांसाठी ऑनलाइन धडे लिहिते. शिक्षणशास्त्र नीट शिकायची इच्छा आहे, पण शाळेत नोकरी करायची नाही. सगळे म्हणतात, आधी बी.एड. कर, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे खरं आहे का? – एक वाचक, घणसोली

उत्तर : एम.एड.च्या बाबतीत खरं आहे, एम.ए.च्या बाबतीत नाही. लोक या दोन पदव्या एकच समजतात. एम.एड. ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या नियमांखाली येणारी व्यावसायिक पदवी आहे. २०१४च्या नियमावलीप्रमाणे ती दोन वर्षांची, आणि प्रवेशासाठी बी.एड. किंवा पदवीसोबत डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) यांसारखी अध्यापनाची पात्रता किमान ५० टक्क्यांसह लागते. एम.ए. (शिक्षणशास्त्र) मात्र इतिहास किंवा अर्थशास्त्रातल्या एम.ए.सारखीच विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला ती करता येते, त्यामुळे तुमचं बी.एस्सी. पुरेसं आहे.

अभ्यासात शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र, अध्ययनाचं मानसशास्त्र, अभ्यासक्रम कसा बांधतात, मूल्यमापन, शैक्षणिक धोरण आणि संशोधनपद्धती हे विषय येतात. बी.एड.सारखे सराव पाठ आणि शाळेतली दीर्घ इंटर्नशिप यांवर इथे भर नसतो. तुमच्या कामासाठी आमच्या मते सर्वांत मोलाचे विषय दोन : अध्ययनाचं मानसशास्त्र आणि मूल्यमापन. एक उदाहरण पाहा. १/२ + १/३ या गणिताचं उत्तर मूल २/५ लिहितं, तेव्हा ते अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत असतं. तुमच्या प्रश्नाच्या चार पर्यायांत २/५ नसेल, तर ही चूक कधी दिसतच नाही. मूल दुसरा एखादा पर्याय अंदाजाने टिपतं आणि ते नेमकं कुठे अडलं हे कळण्याची संधी जाते. चुकीचे पर्याय विचारपूर्वक निवडणं हे शिकून घेण्याचं शास्त्र आहे. धडे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता कुठे शिकायचं ते. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ इथला अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. नोकरी सांभाळून तो होणार नाही. दोन वर्षं पगाराविना काढता येणार असतील तर याच मार्गाने जा, कारण वर्गातली चर्चा आणि क्षेत्रकार्य घरी बसून मिळत नाही. ते शक्य नसेल तर इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही दूरस्थ पदवी आहे. ती कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येते.

दूरस्थ पद्धतीत क्षेत्रकार्याची उणीव तुम्हालाच भरून काढावी लागेल. शोधप्रबंधाचा आराखडा मार्गदर्शकाकडून मंजूर होण्याआधी माहिती गोळा करू नका, नाहीतर केलेलं काम वाया जातं. विषय छोटा घ्या. ‘नवी मुंबईतील शिक्षणाची स्थिती’ असला विषय दोन वर्षांत संपत नाही. ‘पाचवीच्या एका वर्गात अपूर्णांकांच्या बेरजेत होणाऱ्या चुका’ हा संपतो. महापालिकेच्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही, पालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज करा. बहुतेकांचं काम याच परवानगीपाशी अडतं, कारण अर्ज फेब्रुवारीत जातो. मग वार्षिक परीक्षा, मग मे महिन्याची सुट्टी, आणि शाळा पुन्हा उघडते ती जूनच्या मध्यावर. अर्ज जून-जुलैत द्या. मुलांशी बोलायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत तयार ठेवा.

प्रश्न : टिससाठी अर्ज कसा करायचा? कळव्याहून रोज जाता येईल का? – एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : प्रवेशाचा पहिला टप्पा सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा हा आहे; ती एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान भरले जातात. प्रश्न ७५, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. सीयूईटीचा अर्ज भरला म्हणजे टिसचाही भरला गेला, असं समजून मुलं थांबतात. टिसच्या संकेतस्थळावरची नोंदणी वेगळी असते आणि ती चुकली की त्या वर्षीचा प्रवेश हुकतो. नेमकी पेपरची निवड दर वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच करा.

प्रवास करता येईल. स्टेशन गोवंडी. कळव्याहून कुर्ल्याला उतरून हार्बर पकडा, किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जाऊन तिथे गाडी बदला; गर्दीच्या वेळी दुसरा मार्ग सुसह्य ठरतो.

प्रश्न : खारघरमधल्या एका एजंटने ‘घरबसल्या एम.ए. एज्युकेशन, मागच्या सत्रातला प्रवेशही मिळवून देतो’ असं सांगितलं. पदवी मान्य आहे का, ते कसं तपासायचं? – एक पालक, खारघर

उत्तर : मागच्या सत्रातला प्रवेश म्हणजे फसवणूक, तिथे एक रुपयाही देऊ नका. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांची मान्यता यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग (डीईबी) देतो. त्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत तीन गोष्टी जुळायला हव्यात : विद्यापीठाचं नाव, हाच अभ्यासक्रम आणि हेच शैक्षणिक सत्र. विद्यापीठ यादीत असतं पण अभ्यासक्रम नसतो, असंही होतं, आणि एजंट नेमकं तेवढंच सांगत नाहीत. शिवाय २०२४पासून या प्रवेशांसाठी विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी काढणं बंधनकारक आहे. त्यासाठी आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा) क्रमांक लागतो. दोन्ही स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर काढा. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा.

प्रवेशानंतरही लक्ष हवं. इग्नूत स्वाध्यायांना, म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट्सना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भारांश आहे. दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. परीक्षा चांगली गेली तरी स्वाध्याय दिले नाहीत तर त्या विषयाचा निकाल अपुरा राहतो. स्वाध्याय दिल्याची पोच जपून ठेवा. दुसऱ्या वर्षाची नोंदणीही मुदतीत आपणच करायची असते, पहिल्या वर्षाच्या निकालाची वाट न पाहता.

प्रश्न : मी एम.ए. (शिक्षणशास्त्र) केलं, बी.एड. नाही. आता वाटतं शिकवावं. शाळेत किंवा बी.एड. कॉलेजात घेतील का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शाळेत या पदवीच्या बळावर नाही. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड.सारखी, सहावी ते आठवीसाठी डी.एल.एड. किंवा बी.एड.सारखी पात्रता आणि वर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. नववीपासून पुढे बी.एड. लागतंच. खासगी शाळा कधी कधी तात्पुरतं घेतात, पण ती नेमणूक कायम होण्याची आशा धरू नका.

बी.एड. कॉलेजसाठी एनसीटीईच्या नियमांत एक वाट आहे. ‘शिक्षणाची पायाभूत तत्त्वं’ या गटातल्या अध्यापकपदासाठी एम.ए. (शिक्षणशास्त्र) ५५ टक्क्यांसह आणि जोडीला बी.एड. ५५ टक्क्यांसह, अशी पात्रता चालते. म्हणजे तुम्हाला एम.एड. करायची गरज नाही, बी.एड. मात्र करावं लागेल. शिवाय शिक्षणशास्त्रातली यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्या. विषयाचा क्रमांक ०९. मार्क ५४ टक्क्यांवर अडले असतील तर आधी तेच पाहा, कारण नेटसाठीही खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्केच लागतात.

बी.एड.ची दोन वर्षं द्यायची नसतील तर शाळेबाहेरची कामं शोधा : अभ्यासक्रम-लेखन, मूल्यमापन, शिक्षक-प्रशिक्षणाचं साहित्य, प्रकल्पांचं सर्वेक्षण. मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’, वाडा तालुक्यातली ‘क्वेस्ट’ अशा शिक्षणात काम करणाऱ्या संस्था, आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांच्या भरतीच्या जाहिराती वाचत राहा. अर्जासोबत नुसती गुणपत्रिका न पाठवता दोन नमुने जोडा : स्वतः बनवलेली एक प्रश्नपत्रिका, प्रत्येक प्रश्न कशासाठी घातला हे लिहून, आणि शोधप्रबंधाचा दोन पानांचा सारांश.