रिपोर्टमध्ये ‘एएस’ आलंय, आता?

प्रश्न : आम्ही दोघंही बी पॉझिटिव्ह, मुलगी मात्र ओ निगेटिव्ह. सासूबाई म्हणतात, दवाखान्यात बाळ बदललं.

रक्तगटावरून तसा संशय घ्यायला जागाच नाही. रक्तगटाचं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं : एक आईची, एक वडिलांची. बी आणि ओ एकत्र आले की रिपोर्टवर बी उमटतो, ओ गप्प बसतो. निगेटिव्हचंही तेच. तुम्हा दोघांकडे या गप्प प्रती असतील तर ओची शक्यता चारात एक, निगेटिव्हची चारात एक. दोन्ही एकदम म्हणजे सोळात एक. सासूबाईंना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

प्रश्न : मुलाच्या रिपोर्टमध्ये सिकलसेल ‘एएस’ आलंय. औषध कोणतं? लग्न ठरतंय, मुलीकडच्यांना सांगावं का? (गडचिरोली)

औषध कुठलंच नाही, कारण एएस हा आजार नव्हे. ‘ए’ म्हणजे चांगलं हिमोग्लोबिन, ‘एस’ म्हणजे सिकलसेलचं; मुलाकडे जनुकाची एक प्रत ए, एक एस, म्हणजे तो वाहक आहे. दोन्ही प्रती एस (‘एसएस’) असतील तरच आजार.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. डीएनएतलं एकच अक्षर बदललं आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं. एवढ्यानं ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. १२० दिवस जगणारी तांबडी पेशी मग १०-२० दिवसांतच मोडते. बारीक रक्तवाहिन्या तुंबून सांधे ठणकतात. हे ‘एसएस’वाल्यांचं. एएसमध्ये चांगलं हिमोग्लोबिन पुरेसं असतं, शिवाय मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून थोडं संरक्षणही. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीत लोह कमी निघालं तरच.

आता लग्न. सांगाच, आणि मुलीची तपासणी करून घ्या. ती ‘एए’ असेल तर एकही मूल एसएस होणार नाही. तीही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटतही नाही, वाढतही नाही. फासा दरवेळी नव्यानं पडतो.

एक चूक नेहमी पाहतो : नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर समाधान. नळीतलं पाणी गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण एएस की एसएस, हे त्यातून कळत नाही; मुलगी थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराची) वाहक असेल तर तेही नजरेतून सुटतं, आणि ती जोडीही मुलांना त्रासाची. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीच करा.

प्रश्न : भावाचा गट ओ, तरी ओचं रक्त जुळेना. असं कसं?

बहुधा ‘बॉम्बे’ गट. डॉ. भेंडे यांनी १९५२ मध्ये मुंबईतच तो शोधला. ए आणि बी हे ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. ओमध्ये नुसता पाया असतो, बॉम्बे गटात पायाही नाही. त्यामुळे साध्या चाचणीत तो ओच दिसतो, पण ओचं रक्त त्याला परकं. अँटी-एच तपासणी करून घ्या, आणि तोच गट निघाला तर रक्तपेढीत दुर्मिळ गटांच्या यादीत आजच नाव घाला. सख्ख्या भावंडांचंही तपासा. चारात एकाचा तोच गट असू शकतो.