घटस्फोटित बाईवर विनोदी कादंबरी लिहिली तर ती तिची टिंगल ठरेल का?

पन्नाशीकडे झुकलेल्या घटस्फोटित बाईच्या नव्या सुरुवातीवर विनोदी कादंबरी लिहायची आहे, पण ती तिच्या दुःखाची टिंगल होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावची, शहापूरची. माझा घटस्फोट सेहेचाळिसाव्या वर्षी झाला. अशी कादंबरी मला मनापासून वाचायची आहे. फक्त हसू बाईच्या फजितीतून काढू नका. तिला बँकेतला फॉर्म भरता येत नाही, एकटीनं प्रवास जमत नाही, असलं काही नको. वीस वर्षं घर चालवलेली बाई तिथं अडत नाही. अडतात ती भोवतालची माणसं, कारण आता हिला कुठं बसवायचं हे त्यांना कळत नाही.

संमतीनं घटस्फोट घेताना, म्हणजे १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात आलेल्या कलम १३ब खाली, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. माझी झाली नाही. त्या सहा महिन्यांत संक्रांत आली. मला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर गल्लीत दोन दिवस खल. शेवटी एक आजी म्हणाल्या, "नवरा जित्ता हाय न्हवं? मग सवाष्णच की गे ती." मला वाण मिळालं, स्टीलचा डबा. पुढच्या वर्षी, निकाल लागल्यावर, तोच खल पुन्हा. नवरा तसाच जिवंत, मीही तीच. या एका प्रसंगावर तुमची चाळीस पानं होतील.

मग कागदपत्रं. रेशन कार्डाच्या अर्जासाठी गेले, तर कारकुनानं कन्नडात विचारलं, "यजमानर हेसरु?" म्हणजे नवऱ्याचं नाव. पण कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत दोन हजार रुपये मिळतात ते घरच्या 'यजमानी'ला, म्हणजे कुटुंबप्रमुख बाईला. मी माझंच नाव सांगितलं. त्यानं परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि मग लिहिलं. बाहेर येऊन मी पोटभर हसले, कित्येक महिन्यांनी.

आता मी फॉल-पिकोचं काम करते. २०२३ च्या जूनपासून बायकांना सरकारी बस मोफत झाली, तेव्हापासून खानापूरच्याही साड्या घेते. सासूबाई (हा शब्द मी सोडलेला नाही) दर दोन महिन्यांनी साडी घेऊन येतात, चहा घेतात, गुडघ्याचं सांगतात. एकदा पिशवीतून साडीखालून एक पँट निघाली. लेकाची. "कमरेत दोन इंच सोडतीस काय गे?" दोघी क्षणभर गप्प राहिलो, मग त्यांनाच आधी हसू फुटलं. आत कापड दीडच इंच होतं, तेवढं सोडून दिलं. पैसे पूर्ण घेतले.