मेंदूच्या ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवून करंट का देतात?

तुम्ही लिहिलंय की काकांच्या मेंदूतली गाठ काढायची आहे, डॉक्टर म्हणाले मध्येच जागं करू, करंट देऊन बघू, आणि तेव्हापासून घरात कोणाला झोप नाही. मी याच कामातला टेक्निशियन. ठाण्यापासून खारघरपर्यंत जिथून फोन येईल तिथे मेंदूच्या लहरी दाखवणारं मशीन गाडीत टाकून जातो आणि ऑपरेशनभर स्क्रीनसमोर बसतो.

आधी करंटचं सांगतो. तो मोजक्या मिलिअँपिअरचा असतो, एका जागी काही सेकंदच. मेंदूला त्याचं काही दुखत नाही. दुखते ती डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं आवरण, आणि तिथे भूल दिलेली असते.

आता करंट का? गाठ काढताना बोलण्याच्या किंवा हालचालीच्या जागेला धक्का लागू नये म्हणून. फ्रेंच डॉक्टर ब्रोकाने १८६१ मध्ये दाखवलेली मेंदूतली बोलण्याची जागा पुस्तकात आहेच. पण ती माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते, त्यात गाठीने आजूबाजूचं सगळं ढकललेलं. म्हणून तिथल्या तिथे शोधावी लागते. हाताची जागा पेशंट झोपेत असतानाही सापडते: मनगटाच्या नसेला हलका करंट दिला की साधारण २० मिलिसेकंदांत त्याची लहर मेंदूवर ठेवलेल्या, लहरी टिपणाऱ्या पट्टीत उमटते. स्पर्शाचा भाग आणि हालचालीचा भाग यांच्यामधली खाच ओलांडली की हीच लहर उलटी दिसते, त्यावरून जागा कळते. (एकदा एका हॉस्पिटलात लहरींऐवजी स्क्रीनभर ५० हर्ट्झची, म्हणजे लाइटच्या विजेची घरघर. सगळ्या वायरी तपासल्या, निघाला ऑपरेशन टेबलाचा प्लग!)

बोलण्यासाठी मात्र जागं करावंच लागतं. चित्रं दाखवतात, पेशंट नावं सांगतो, सर्जन जागा बदलत करंट देतात. करंटने ती जागा तेवढ्यापुरती बंद पडते. एका आजोबांना कात्रीचं चित्र दाखवलं. ते म्हणाले, "ही... ही..." आणि थांबले. 'ही' आलं, म्हणजे तोंड चालू होतं, शब्द स्त्रीलिंगी आहे हेही माहीत होतं, नाव तेवढं हरवलं. करंट काढल्यावर लगेच "कात्री, कात्री!" सर्जननी तिथे नंबरची चिठ्ठी ठेवली. तिथे हात लावायचा नाही.

या वेळी माझे डोळे स्क्रीनवर. करंट बंद केल्यावरही मेंदूच्या लहरी उसळत राहिल्या तर ती आकडीची चाहूल असू शकते. मी ओरडतो, सर्जन थांबतात. आकडी आलीच तर मेंदूवर थंडगार सलाइन ओततात, ते आधीपासून तयार असतं.

आता तुमचं काम. काका घरात आगरी बोलत असतील किंवा मालवणी, तर डॉक्टरांना आजच सांगा. चित्रं आदल्या दिवशी त्यांच्यासोबत बघून घ्या. विळीला ते कोयता म्हणत असतील तर तसं लिहून ठेवू दे, नाहीतर आम्ही ती चूक समजू. आणि चष्मा लागत असेल तर तो ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला सांगा. कोपरखैरण्याच्या एका काकूंचा वॉर्डातच राहिला होता, पहिली पाच चित्रं त्यांना दिसलीच नाहीत आणि आम्ही उगाच घाबरलो.