उंब्रियात असिसी, पेरूजा, ओर्व्हिएतो सोडून काय बघावं? (सोबत आई-बाबा आहेत)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या शेवटी रोमहून फ्लॉरेन्सला जाताना मधले चार-पाच दिवस उंब्रिया या प्रांतात काढायचेत, सोबत सत्तरीचे आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखरे, आई शाकाहारी, आणि नेटवरच्या प्रत्येक यादीत तीच तीन गावं. त्या तिन्ही गावांत नावं ठेवण्यासारखं काही नाही. असिसी तर बघाच, फक्त सकाळी लवकर पोचा आणि टूरवाल्या बसेस यायच्या आत निघा.

मी पेरूजात राहतो. घरून कोणी आलं की आधी त्यांना उत्तरेकडे नेतो, वरच्या टायबर खोऱ्यात. रोममध्ये एवढा तोरा मिरवणारी टायबर इथे साधी ओढ्याच्या मोठ्या बहिणीसारखी वाहते. दोन्ही बाजूंना तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेतं, वर टेकड्यांवर तटबंदीची गावं. परदेशी पर्यटक इथे फारसा फिरकत नाही, कारण फ्लॉरेन्सचा हमरस्ता पश्चिमेकडून निघून जातो. पण मराठी माणसाने इथे यावं याला एक वेगळंच कारण आहे.

मोंतोने नावाचं छोटं गाव आहे, पेरूजापासून गाडीने पाऊण तासावर. याच खोऱ्यातल्या डोंगरउतारावर 10 जुलै 1944 रोजी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढताना, नाईक यशवंत घाडगे मारले गेले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय 22, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे थांबले नाहीत. एकटेच मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून गन आणि गनर उडवला, आणखी एका सैनिकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारलं. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्यांची कबर कुठेच नाही; नाव आहे ते कितीतरी दक्षिणेला, कासिनोच्या स्मारकावर.

2023 मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि काही इटालियन लष्करी इतिहासकारांनी मिळून त्यांचं स्मारक उभारलं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन ओळीचा आशय असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. त्यामुळे ऊन असताना जा, ढगाळ दिवशी घड्याळ बंद! तुमचे बाबा माणगावच्या पुतळ्यावरून मुंबई-गोवा रस्त्याने कधी गेले असतील तर त्यांना वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही. इटलीच्या मोहिमेत 50,000 हून जास्त भारतीय सैनिक लढले, 5,782 तिथेच मेले आणि वीसपैकी सहा व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना मिळाले. ही माहिती कुठल्या प्रवासी पुस्तिकेत सहसा सापडत नाही.

मोंतोने एरवीही छान आहे. ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा पंधराव्या शतकातला भाडोत्री सेनापती इथला. त्याने पेरूजासुद्धा काबीज केलं होतं. गाडी तटाबाहेर लावावी लागते आणि आतल्या गल्ल्या चढाच्या, दगडी फरसबंदीच्या आहेत. बाबांना काठी न्यायला सांगा आणि घाई करू नका.

तिथून थोडं वर चित्ता दि कास्तेल्लो. हे खोऱ्यातलं मोठं गाव आणि मुख्य म्हणजे सपाट! मुक्काम इथेच करा असं मी सुचवेन. आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराचं हे गाव. तो शिकलेला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झाला आणि टेक्सासमधल्या कैदी छावणीत चित्रं काढायला लागला. सुटून आल्यावर वैद्यकी सोडली. त्याची चित्रं म्हणजे फाटकी गोणपाटं, शिवलेली, ठिगळं लावलेली. नंतर ब्लोटॉर्चने जाळलेलं प्लास्टिक. नंतर भेगाळलेल्या कोरड्या मातीसारखे पृष्ठभाग. जुना संग्रह गावातल्या पालाझ्झो आल्बिझ्झिनीत आहे. पण खरी मजा गावाबाहेर, तंबाखू वाळवण्याच्या जुन्या शेडमध्ये. बाहेरून पूर्ण काळ्या रंगवलेल्या अजस्र शेड, आत भिंतभर चित्रं आणि कित्येकदा तुमच्याशिवाय कोणीच नाही. 1966 मध्ये फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा भिजलेली पुस्तकं वाळवायला याच शेडमध्ये आणली होती. आधुनिक कला म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी माझी मावशीसुद्धा गोणपाटाच्या एका चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. शेवटी म्हणाली, "शिवण मात्र कच्ची आहे." शेडमध्ये चालणं भरपूर आहे, पण सगळं एका पातळीवर.

याच गावात 1908 मध्ये आलिचे हॉलगार्टन फ्रांकेत्ती या बाईंनी हातमागाचा कारखाना काढला, तेला उंब्रा. तागाचं कापड आजही तिथे जुन्या लाकडी मागांवर विणतात आणि शेजारी छोटं संग्रहालय आहे. विणकर बायकांच्या मुलांना सांभाळायची सोयही तेव्हाच केली होती. पुढच्याच वर्षी मारिया माँटेसरींनी शिक्षकांसाठीचा आपला पहिला प्रशिक्षण वर्ग याच फ्रांकेत्ती दांपत्याच्या आश्रयाने इथे घेतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ज्या बालशिक्षणाला आपल्या मातीतलं रूप दिलं, त्याच्या मुळांपैकी एक इथे आहे. तुमच्या आई शिक्षिका असतील तर हे नक्की सांगा.

गुब्बिओ इथून डोंगर ओलांडून तासाभरावर. हे तितकंसं अपरिचित नाही, पण परदेशी लोक थोडे. दोन गोष्टींसाठी जा. पालाझ्झो देई कोन्सोलीमध्ये काशाचे सात पत्रे आहेत, त्यांना इग्व्हियमचे पट म्हणतात. लॅटिनच्या दडपणाखाली मेलेल्या उंब्रियन भाषेतला हा सगळ्यात मोठा मजकूर. काही भाग त्यांच्या स्वतःच्या लिपीत, काही लॅटिन लिपीत. आणि मजकूर काय? यज्ञविधी. कोणत्या देवाला कोणता पशू, कोणत्या दिशेला कोणता पक्षी दिसला तर पुढे जायचं, मंत्र म्हणताना चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या पाहुण्यांपैकी एका काकांनी हे ऐकून "म्हणजे पौरोहित्याची पोथीच की" म्हटलं होतं, आणि ते अगदी बरोबर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे डोंगरावर जाणारा पाळणा. त्याला डबा नाही, काच नाही. कंबरेच्या वर येईल एवढा लोखंडी गजांचा पिंजरा, त्यात जेमतेम दोन माणसं उभी. तो थांबतही नाही. जमिनीवरच्या लाल खुणेवर तुम्ही उभं राहायचं, पिंजरा मागून आला की तिथला माणूस तुम्हाला चटकन आत ढकलतो, कडी लावतो, की निघालात. बाबांना हे झेपणार नाही असं मला वाटतं. आईंना विचारून बघा, आया अशा बाबतीत आपल्याला चकित करतात. वर संत उबाल्दोच्या चर्चमध्ये तीन 'चेरी' ठेवलेल्या असतात. हे लाकडी मनोरे चार-साडेचार मीटर उंच आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास. 15 मे रोजी खांद्यावर घेऊन लोक ते धावत डोंगरावर नेतात. रस्ता गाडीचाही आहे.

जूनअखेर येताय म्हणून कास्तेल्लुच्चोचं नाव तुमच्या कानावर येईलच. सुमारे 1,450 मीटर उंचीवरचं गाव, खाली मसुरीची शेतं आणि त्यात उमललेला लाल-निळा-पिवळा गालिचा. गंमत अशी की तो रंग मसुरीचा नाही, तणाचा आहे: पॉपी, कॉर्नफ्लॉवर, रानमोहरी. मसूर बिचारी खाली हिरवीच. 2016 च्या भूकंपात हे गाव जवळजवळ भुईसपाट झालं. फुलोऱ्याच्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांवर निर्बंध असतात, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे निघा. चित्ता दि कास्तेल्लोहून हे फार लांब पडतं, मधे एक रात्र स्पेल्लो किंवा त्रेव्हीत काढा. जाताना वाटेत रसिल्यालाही लोक थांबायला सांगतील, घरांमधून झुळझुळ वाहणाऱ्या पाण्याचं गाव म्हणून. फोटो खरे आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त वाहतात.

दक्षिणेला वेळ उरला तर नार्नी. 1979 मध्ये तिथल्या काही पोरांनी एका परसबागेतून खाली उतरून जमिनीखाली गाडलेलं मध्ययुगीन चर्च शोधून काढलं. त्याच्या पलीकडे इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, कोठडी निघाली, भिंतभर एका कैद्याने कोरलेल्या खुणा आणि चिन्हं. मार्गदर्शकासोबतच जाता येतं. ला स्कार्त्सुओला, म्हणजे तोमासो बुत्सी या मिलानच्या वास्तुकाराने जुन्या मठाशेजारी उभारलेली विक्षिप्त स्वप्ननगरी, आधी बुकिंग केल्याशिवाय दाखवत नाहीत, आणि पायऱ्याच पायऱ्या. बाबांसोबत मी तरी नेणार नाही.

पेरूजा टाळायचंच असेल तरी एवढं करा: खाली पार्टिजानी चौकात गाडी लावा आणि सरकत्या जिन्याने वर जा. तो जिना रोक्का पाओलिनातून जातो. 1540 मध्ये पेरूजाने पोप पॉल तिसऱ्याच्या मिठावरच्या कराविरुद्ध बंड केलं. पोपने ते मोडून काढलं आणि बंडखोर बाल्योनी घराण्याच्या अख्ख्या वस्तीवर किल्ला बांधला. खाली गाडले गेलेले रस्ते, दारं, खिडक्या तशाच आहेत आणि त्यांच्यामधून लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन सरकत्या जिन्याने घरी जातात. बाबांचे गुडघे वाचतील ते वेगळंच. इथला पाव अळणी का, याचं उत्तर लोक हेच बंड सांगतात. इतिहासकार मान डोलवत नाहीत, पण पाव अळणी आहे हे खरं.

जेवणाचं. 'तोर्ता अल तेस्तो' मागा: गोल जाड तव्यावर भाजलेली जाडसर पोळी, मधे चिरून रानभाजी आणि चीज भरतात. ट्रफलच्या (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीच्या) किसाची 'स्त्रांगोत्सी' ही जाड पास्ता शाकाहारी असते. मसुरीच्या सूपमध्ये मात्र डुकराचं मांस बेमालूम घालतात, म्हणून "सेंत्सा कार्ने?" (मांसाशिवाय?) असं आधी विचारून घ्या. कास्तेल्लुच्चोजवळचं नोर्चा हे गाव तर डुकराच्या मांसाच्या दुकानांसाठीच प्रसिद्ध, आईंना त्या गल्लीतून घाईने न्या.

गाडी भाड्याने घ्यावीच लागेल, बसवर हे जमणार नाही. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) निघण्यापूर्वी आरटीओतून काढा. जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएलचे, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाचे, कॅमेरे असतात. आत शिरलात की दंडाची चिठ्ठी महिनोन् महिने उलटल्यावर भारतातल्या पत्त्यावर येते, वर भाड्याची कंपनी आपला वेगळा आकार लावते. दुपारी एक ते चार दुकानं बंद, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळत नाही, तेव्हा आई-बाबांसाठी गाडीत चिवडा ठेवा. आणि बुर्रीची दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यानुसार दिवस लावा.