मोतीबिंदू निघाला, पण नजर?

प्रश्न : डॉक्टर, मी सुतारकाम करतो, वय ३९. पाच महिन्यांपूर्वी ठोकताना खिळा उडाला आणि उजव्या डोळ्यात घुसला. त्याच रात्री बुबुळाला पाच टाके घातले. आठवड्याभरात बाहुलीत पांढरं दिसायला लागलं. मार लागून मोतीबिंदू झालाय, असं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून भिंग बसवलं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन छान झालं. पण मला समोरच्याचा चेहरा धूसर दिसतो, दिव्याला रेघा फुटतात, ग्लासात पाणी ओतलं तर बाहेर सांडतं. कागदावर ६/३६ लिहिलंय. माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते. माझ्याच बाबतीत काय चुकलं? आणि हे भिंग किती वर्षं टिकतं?

उत्तर : आधी सासऱ्यांना बाजूला ठेवू. त्यांचं भिंग वयाने गढूळ झालं होतं, बाकी डोळा धडधाकट. भिंग बदललं की काम झालं. तुमच्या डोळ्यात खिळ्याने आधी बुबुळ फाडलं, मग भिंगाचं आवरण, आणि त्या दणक्याचा धक्का मागे पडद्यापर्यंत पोचला असणार. ऑपरेशनने यातली एकच गोष्ट बदलली. त्यामुळे ‘ऑपरेशन छान झालं’ हेही खरं आणि ‘मला दिसत नाही’ हेही खरं. ६/३६ म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर ३६ मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं.

‘नजर कधी येईल’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. ‘आता नेमकं काय आड येतंय?’ हे आधी विचारा. त्याचा पहिला अंदाज तुम्ही घरीच घेऊ शकता. काळ्या जाड कागदाला दाभणाने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा. डावा डोळा झाका, उजव्याने त्या भोकातून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे बघा. आकडे स्पष्ट झाले तर चांगली बातमी : पडदा आणि नस काम करतायत, घोटाळा पुढच्या बाजूला आहे. दिव्याला रेघा फुटतात हे तुमचं वाक्य वाचून माझाही संशय तिकडेच जातो.

टाके घातलेलं बुबुळ कुठे ताणलेलं, कुठे सपाट झालेलं असतं. टाके सगळे निघालेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते असेपर्यंत काढलेला चष्म्याचा नंबर कच्चाच समजा. टाके कधी आणि कोणते काढायचे ते तुमचे सर्जन जखम बघून ठरवतील. स्वतःहून घाई करू नका. काढल्यावरही नंबर स्थिरावायला काही आठवडे जातात. त्यानंतरही बुबुळ वेडंवाकडं राहिलं तर चष्मा फारसा कामाला येत नाही, पण कडक कॉन्टॅक्ट लेन्स येते. लाकडातल्या खाचा तुम्ही लांबी भरून सपाट करता ना? लेन्स आणि बुबुळाच्या मधे अश्रूंचा थर बसतो, तो हेच करतो. माझ्याकडे एकाला चष्म्याने ६/३६ च्या पुढे एक ओळ वाचता येत नव्हती, लेन्स लावून तो ६/९ पर्यंत गेला. सगळ्यांचं असं होतं असं नाही. पण ही लेन्स लावून न बघता कुणी ‘आता एवढंच’ म्हणालं, तर मला ते पटत नाही.

भोकातून काहीच फरक पडला नाही, तर मागे बघावं लागेल. कधी भिंगामागचं आवरण गढूळ होतं. लोक त्याला ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. तो परत येत नाही, लेझरने काही मिनिटांत त्या आवरणाला खिडकी करता येते. कधी पडद्याच्या मध्यभागी सूज येते. ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, ती दिसते आणि पुष्कळदा थेंबांनी उतरते. पडद्याच्या मध्यावर व्रण असेल किंवा नसेला मार बसला असेल, तर मात्र तेवढी नजर परत आणता येत नाही, आणि हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं.

एक विचारायचं राहिलं. खिळा अख्खा सापडला होता का? टोक तुटून आत राहिलं तर लोखंड डोळ्यात गंजतं आणि हळूहळू पडदा नासवतं. सीटी स्कॅन झाला असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा. झाला नसेल तर विचारा. तुकड्याची शंका मिटेपर्यंत एमआरआय करून घेऊ नका.

भिंगाबद्दल : नीट बसलं असेल तर ते जन्मभर राहतं. त्याचा जन्मच मुळी डोळ्यांच्या जखमांतून झालाय. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे घुसले, आणि डोळ्याने ते मुकाट्याने सहन केले. लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी हे हेरलं, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. पण हे भिंग जवळ-लांबचं स्वतः जुळवून घेत नाही, म्हणून त्या डोळ्याला जवळच्या कामासाठी बहुतेकदा चष्मा लागतो.

पाणी सांडतं ते अंतराचा अंदाज चुकतो म्हणून. तो अंदाज दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून येतो. तूर्त तांब्या ग्लासच्या काठाला टेकवून ओता. कटर मशीनला इतक्यात हात लावू नका, आणि लावाल तेव्हा पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवाच. चांगला डोळा आता एकच आहे.

एक चूक माझी सांगते. नवी होते तेव्हा असाच मार लागलेल्या एकाला मी म्हटलं, ‘वर्षाने दाखवून जा.’ का, ते सांगितलं नाही. तो नऊ वर्षांनी आला. काचबिंदूने नस वाळली होती, दुखलं कधीच नव्हतं. मार लागलेल्या डोळ्यात दाब पुष्कळ वर्षांनीही वाढू शकतो. म्हणून दरवर्षी दाब तपासायचा, दिसत असलं तरी. ठिणग्या, नवे काळे ठिपके, बाजूने पडदा ओढल्यासारखं, डोळा दुखून लाल होणं, किंवा डाव्या डोळ्यालाही धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाला काठी लागून मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, भिंग बसवलं. आता चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलीय. तो रडतो, ओढून काढतो. चांगला डोळा बांधायला माझाही जीव होत नाही. थोडा मोठा झाल्यावर लावली तर?

उत्तर : नाही, ताई, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. या वयात बघायला मेंदू शिकत असतो. मार लागलेल्या डोळ्याकडून धूसर चित्र आलं की मेंदू त्या डोळ्याला विचारेनासा होतो. मग डोळा आतून चांगला असूनही नजर मंद राहते. सात-आठ वर्षांपर्यंत हे वळवणं सोपं, पुढे अवघड होत जातं. तुमच्या मुलाच्या बाबतीत खरं काम ऑपरेशननंतरच सुरू झालंय, आणि ते तुमच्यावर आलंय.

किती तास लावायची ते डॉक्टर सांगतील तेवढंच. जास्त लावली तर चांगला डोळा मागे पडू शकतो. ती वेळ त्याच्या आवडीच्या, बारीक बघायला लावणाऱ्या कामाला जोडा : रंगवणं, मणी ओवणं, चित्रातली माणसं शोधणं. चष्मा दिला असेल तर पट्टी त्याच्या काचेवर चिकटवू नका, मुलं वरून डोकावतात. ती थेट कातडीला चिकटवा आणि चष्मा वरून घाला.