तबकडी हळू फिरते, धडधडते, खरखरते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भावाने अमेरिकेहून सत्तरच्या दशकातला पट्ट्याचा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, पट्टाही नवा घातला. तरी गाणं जड, ओढल्यासारखं येतं. (कोथरूड)

उत्तर : पट्टा निर्दोष आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनांची), आपली ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेवढेच राहतात. त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असे आणि ती हर्ट्झच्या हिशेबाने फिरते. म्हणून ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेते. सुरात सांगायचं तर पेटीवरच्या काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते. गाणं नुसतं लांबत नाही, गळाच बदलतो.

आधी खात्री करा. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. बरोबर ३ मिनिटांत १०० फेरे झाले तर वेग ठीक. तुमच्याकडे ८३ च्या आसपास भरतील.

उपाय मोटरच्या दांड्यावरच्या पुलीत आहे. त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची करून घ्या. व्यास मूळ पुलीच्या १.२ पट हवा. ३३ आणि ४५ फेऱ्यांच्या दोन्ही पायऱ्या व्हर्नियरने मोजून द्या. पट्ट्याच्या जाडीमुळे हिशेब थोडा हलतो, म्हणून पुली किंचित जाड ठेवायची आणि फेरे मोजत मोजत उतरवायची. भोक अगदी मध्यात हवं. ते जरा सरकलं तरी लांबवलेला सूर थरथरतो आणि तंबोऱ्यावर हा दोष सगळ्यात आधी कानात येतो. टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांत (जिथे मोटर तबकडीला थेट फिरवते) ही भानगड नाही, तिथे फक्त व्होल्ट जुळवावे लागतात.

प्रश्न : वडिलांचा गॅरार्ड एसपी-२५ बरीच वर्षं बंद होता. आता चालतो, पण गाण्याखाली सतत धड-धड-धड ऐकू येतं. (सहकारनगर)

उत्तर : ही धडधड मोजा. दर १.८ सेकंदाला एकदा आली तर रेकॉर्ड वाकलेली आहे, यंत्राला बोल लावू नका. सेकंदाला दोन-तीनदा किंवा जास्त आली तर आतलं रबरी चाक चपटं झालंय. या यंत्राच्या बहुतेक मॉडेलांत पट्टा नसतो. मोटरचा दांडा एका रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक तबकडीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवतं. यंत्राच्या खटक्याने बंद केलं की चाक मागे सरकून मोकळं होतं. भिंतीवरच्या बटणाने बंद केलं तर ते दाबलेलंच राहतं आणि महिनोन्‌महिने तसं राहिलं की रबराला खड्डा पडतो.

प्लग काढा. रबरी चटई उचला, मधल्या खिळ्याभोवतीची क्लिप काढा आणि तबकडी दोन्ही हातांनी सरळ वर घ्या. चाकावरची छोटी क्लिप जपून काढा, ती उडते. चाकाची कड आणि तबकडीची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबर चकाकत असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चाक फिरवत हलका लावा. खड्डा नखाला लागत असेल तर चाक बदलणं किंवा त्यावर नवं रबर चढवून घेणं, दुसरा इलाज नाही.

मोटरच्या दोन्ही बेअरिंगना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या. खोबरेल कधीही नको. ते २४-२५ अंशांखाली थिजतं आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी मोटर अडकवून ठेवतं. तेलाचं बोट रबराला लागलं तर चाक घसरू लागेल, तेही सांभाळा.

प्रश्न : आजीच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) नाट्यसंगीताच्या रेकॉर्ड सॅनिटायझरने पुसल्या. त्या निस्तेज झाल्या आणि आवाज जास्तच खरखरतो. (सदाशिव पेठ)

उत्तर : हे वाचून फार वाईट वाटलं. ७८ च्या जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. खाच एकदा झिजली की परत येत नाही. उरलेल्या रेकॉर्ड मात्र वाचवा. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब घाला, मऊ कापड त्यात घट्ट पिळून घ्या आणि खाचांच्या दिशेने गोल पुसा. लेबल कोरडं ठेवा, बुडवून ठेवू नका. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवून उभ्या वाळवा.

सुई कोणती लावता, तेही बघा. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, सुई १८ ते २५ मायक्रॉनची. ती खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते, म्हणून खरखर. कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या डबीवर) उलटवायची दांडी असेल तर ती ७८ कडे करा.

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी प्लेअर दिसतात. घेताना काय पाहावं? (पिंपरी)

उत्तर : तबकडी हाताने फिरवा; ती खरवडू नये. सुईचा आर्म हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे करा. कुठे अडकता कामा नये. सुई भिंगातून पाहा. टोक तिरपं झिजलेलं असेल तर ती सुई एकाही चांगल्या रेकॉर्डवर ठेवू नका. आवाज अगदी बारीक, दबका येत असेल तर बहुधा जुनं क्रिस्टल कार्ट्रिज मेलेलं असतं. त्यातलं रोशेल मीठ दमट हवेत विरघळतं, पावसाळ्यात ते टिकत नाही. त्याजागी सिरॅमिक कार्ट्रिज बसतं, एवढ्यासाठी सौदा सोडू नका. किंमत मात्र त्या हिशेबाने पाडून घ्या. वायर फाटकी असेल तर तिथे प्लग लावून दाखवायचा आग्रह धरू नका. घरी आणा, वायर बदला आणि मगच वीज द्या.